नीट गेलेला मेसेज

बिघडलेलं काम तसंच बिघडलेलं राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला उभ्या आयुष्यात एकदाच वाटलं आहे. एरवी मी चूक सहन करणाऱ्यांपैकी नाही. एस.टी.त कंट्रोलर होतो. जवळा बाजारच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचो, आणि चुकीचा बोर्ड लावून गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरला सगळ्या प्रवाशांदेखत झापायचो. लोक मला अजूनही उकंडराव कंट्रोलर म्हणतात. रिटायर झाल्यावर घरात बसलो तर बायकोशी भांडणं होतात, म्हणून मी स्टँडसमोरच्या कनीज आपांच्या दुकानातला बाक धरला. तो अजून सोडलेला नाही, त्यामुळे झालं ते माझ्यासमोरच झालं.

आपा माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, पण सगळं गाव त्यांना आपा म्हणतं, मग मीही म्हणतो. टायपिंग, लग्नपत्रिका, फ्लेक्स, ऑनलाइन फॉर्म अशी सगळी कामं त्या करतात. त्यांचे वडील अबूबकर पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, जिनिंगच्या भिंतीवरच्या जाहिराती, आसपासच्या गावांतलं सगळं त्यांच्या ब्रशचं. रंगाचा डबा धरून कनीज त्यांच्या शिडीखाली उभी असायची. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याला पाय न थांबवता वाचता आलं पाहिजे, नाहीतर पाटी पुसून टाक, एवढंच त्यांनी लेकीला शिकवलं. पुढे फ्लेक्स आले, ब्रश वाळून गेले आणि अबूबकर घरी बसले. मग लेक हिंगोलीला जाऊन संगणक शिकून आली आणि तिनं हा गाळा घेतला. मागच्या खोलीत नवरा युसूफभाई गाद्या भरतात. तिथला कापूस उडून कीबोर्डवर बसतो, आणि त्यावरून नवरा-बायकोची रोज एकदा तरी जुंपते.

वडिलांची ती सक्ती आपांच्या अंगात पुरती भिनलेली. पत्रिकेतली एखादी मात्रा हलली तरी गठ्ठाच्या गठ्ठा फाडून टाकायच्या. मी म्हणायचो, आपा, जेवायला येणारे काय मात्रा बघून येणार आहेत का. त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मी पुन्हा पेपरात तोंड घालायचो.

आता नदीचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. आमच्या नदीवर वरच्या अंगाला धरण आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, डोहांत तेवढं पाणी उरतं आणि त्यात शेतकऱ्यांच्या मोटारी लावलेल्या असतात. खालच्या गावांना प्यायला पाणी हवं झालं की धरणातून पात्रात पाणी सोडतात. त्याआधी मोटारी वर काढाव्या लागतात, आणि पात्रात कुणी असेल तर त्याला उठावं लागतं. धरणावर भोंगा आहे, पण वारा उलटा असला की दोन वळणांपलीकडे तो ऐकू येत नाही. फोन लागेल याचाही भरवसा नाही. मेसेज मात्र कधी ना कधी रेंज मिळून पोचतो. म्हणून पाणीवाटप संस्थेच्या अमरसिंगांनी हे काम आपांना दिलं होतं. धरणावरून अमरसिंगांना कळायचं, ते आपांना सांगायचे आणि आपा एकाच झटक्यात नदीकाठच्या सगळ्या फोनवर मेसेज सोडायच्या.

त्या फोनांत पहिला नंबर मल्हारीचा होता. मल्हारी धनगर, कनेरगाव नाक्याकडचा. सुगी सरली की मेंढरं घेऊन फिरतीवर निघणारा. गेल्या वर्षी तो पहिल्यांदा आमच्या नदीत उतरला आणि पात्राच्या मधोमध वाळूचा उंचवटा आहे तिथे त्यानं बिऱ्हाड टाकलं. जागा त्याच्या दृष्टीनं सोन्यासारखी. डोहाचं पाणी जवळ, काठानं हिरवं, आणि कुणाच्या पिकात मेंढरू शिरलं म्हणून शिव्या खाणं नाही. तो दिवसभर कळपामागे जायचा. बायको सत्यभामाबाई बिऱ्हाडावर राहायची. नुकतीच जन्मलेली कोकरं दोरीच्या जाळीच्या कोंडवाड्यात घातलेली असत, त्याला ते वाघूर म्हणतात. ती तिनं सांभाळायची.

पण त्या उंचवट्याला खोड आहे. पाणी समोरून येत नाही. दोन्ही बाजूंच्या घळींतून गुपचूप पुढे जातं आणि आधी मागची वाट बुडवतं. आत बसलेल्याला कळतं तेव्हा चहूकडे पाणी असतं. हे आम्हा जुन्या लोकांना ठाऊक होतं. आपांनाही होतं. त्या म्हणायच्या की मोटार वाहून गेली तर दुसरी येईल, पण त्या वाळूवर बाई बसलेली असते. मेसेज सोडला की त्यांचं निम्मं लक्ष घड्याळाकडे आणि निम्मं नदीच्या रस्त्याकडे असायचं.

सत्यभामाबाई बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर टेकायची. बोलकी बाई. कापसाच्या गादीवर आळशी माणसं झोपतात, असं ती युसूफभाईंना ऐकवायची. एकदा तिनं आपल्या मेंढरांच्या लोकरीची काळी घोंगडी आणून आपांच्या खुर्चीवर घडी करून टाकली. पैसे विचारले तर उठून चालायला लागली. मल्हारी कधी बरोबर असला तर बाहेरच उभा राहायचा. त्याच्याकडे लांब बांबू असायचा, टोकाला वाकडी लोखंडी आकडी, बाभळीच्या डहाळ्या ओढायची. ती आत आणली की फ्लेक्सला लागेल म्हणून तो ती दाराला टेकवायचा, आणि ती घसरून माझ्या बाकावर पडायची. मी दर वेळी चिडायचो आणि तो दर वेळी हसायचा.

तर गेल्या वर्षी पहिला मेसेज गेला आणि नदीकाठच्या सगळ्या फोनवर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. ओळीच्या ओळी. एकही अक्षर नाही. आपांच्या पडद्यावर सुंदर मराठी दिसत होती, माझ्या डोळ्यांनी मी वाचली होती. तीच पाठवली तर माझ्याच फोनवर प्रश्नचिन्हांची रांग. मला हसू आलं, आपांचा चेहरा मात्र पार उतरला.

मोटारवाले एकमेकांना फोन करत सुटले, हे काय आलंय म्हणून. शेवटी अमरसिंगांनी सांगितलं की हे पाण्याचंच आहे. मग काठावर आरडाओरडा, बैलगाड्या, ट्रॅक्टर, दोर, सगळी धांदल. पुढच्या वेळीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळी मात्र लोक सरावले. आपांचं कोडं आलं, चला मोटारी काढा, असं म्हणत हसत निघायचे. आणि मल्हारीचं बिऱ्हाड दर वेळी पाण्याच्या आधी काठावर चढलेलं असायचं, वाघूर, कोकरं, सत्यभामाबाई सगळ्यांसकट. तो कसा उठतो हे कुणी विचारलं नाही. काठावरचा गलका ऐकून उठत असेल, असं आम्ही धरून चाललो.

आपांना ते हसणं लागलं. अबूबकर पेंटरच्या लेकीचं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांना खात होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या त्याच एका गोष्टीमागे लागायच्या. मला त्यांनी समजावलं ते असं. संगणकाला अक्षर कळत नाही, प्रत्येक अक्षराला त्यानं एक क्रमांक दिलेला असतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे सांगणारी कोष्टकं मात्र एक नाहीत, अनेक आहेत. फाइल उघडताना एक कोष्टक लागतं आणि ती जतन करतानाही एक लागतं. दोन्ही एकच असतील तर ठीक. नाहीतर मी झापायचो तसला ड्रायव्हर, परभणीचा बोर्ड लावून वाशीमला निघालेला. ही उपमा माझी, आपांची नाही.

शेवटी या वर्षी, उन्हाळा लागता लागता, त्यांना दोष सापडला. त्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधली कामं यायची, ती छपाईच्या एका जुन्या मशीनला द्यायची असत आणि त्या मशीनला जुनंच कोष्टक लागायचं. रोज रोज बदलायला नको म्हणून आपांनी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये कायमचं ठरवून टाकलं होतं की उघड नव्या कोष्टकानं, पण जतन कर जुन्या कोष्टकानं. त्या जुन्या कोष्टकात मराठी अक्षरांना जागाच नाही. ज्या अक्षराला जागा सापडली नाही त्याच्या जागी संगणक मुकाट्यानं प्रश्नचिन्ह ठेवत होता. पडद्यावर मराठी दिसत राहायची आणि आत तिची राख झालेली असायची. खरं तर संगणकानं पहिल्याच वेळी विचारलं होतं, अक्षरं नष्ट होतील, तरी जतन करू का म्हणून. घाईत आपांनी हो म्हटलं होतं आणि पुन्हा विचारू नकोस अशी खूणही करून ठेवली होती.

त्याच दिवसांत एकदा मल्हारी फोनला रिचार्ज मारायला आला. या वर्षीही त्यानं वाळूवरच बिऱ्हाड टाकलं होतं. आपांनी मुद्दाम त्याला आत बोलावलं, पडद्यावरची प्रश्नचिन्हं दाखवली आणि विचारलं, "मल्हारीभाऊ, तुमच्या फोनवर असंच येतं का?"

मल्हारीनं वाकून पाहिलं. "व्हय. असंच येतं."

"आता यापुढं बराबर येईल. म्या दुरुस्त केलं."

"बराबर येऊन राहिलं की आपा," तो म्हणाला, आणि आकडी उचलून निघाला.

आपा मला म्हणाल्या, बघा, धनगर माणूस, पण किती मन राखून बोलला. मलाही तसंच वाटलं. पुढे त्याला कुणी काही विचारलं नाही.

आपांनी नवं काम आधी माझ्या फोनवर पाठवून पाहिलं. स्वच्छ मराठी, काना-मात्रेसकट. मी पाठ थोपटली. अमरसिंगांनी पेढे आणले. मग आपांनी नदीकाठच्या सगळ्यांना मेसेज केला की यापुढे पाण्याची सूचना वाचता येईल अशा मराठीत येईल. तो मेसेज मल्हारीच्या फोनवरही गेला. त्या दिवशी आपांनी युसूफभाईंशी कापसावरून भांडणही केलं नाही.

मे महिन्यात धरणावरून निरोप आला. खालची गावं पार कोरडी पडली होती, म्हणून या वेळी पाणी जास्त सुटणार होतं. आपांनी सकाळी दुकान उघडलं आणि आधी हेच काम हाती घेतलं. आज दुपारी नदीत पाणी सुटणार आहे, मोटारी काढून घ्या, पात्रात कुणीही थांबू नका. जतन केलं, बंद केलं, पुन्हा उघडून पाहिलं. अक्षरं जागच्या जागी होती. मेसेज सोडला आणि माझा फोन वाजला. मी मोठ्यानं वाचून दाखवला, स्टँडवर गाडी पुकारल्यासारखा.

त्या दिवशी नदीकाठी कसलाही गलका झाला नाही. मेसेज सगळ्यांना कळला होता. कुणालाही फोन करायची गरज पडली नाही, कुणी विचारत फिरलं नाही. ज्यानं त्यानं आपापली मोटार गुमान वर काढली आणि उन्हं तापायच्या आत सगळे घरी गेले. काठ मोकळा झाला. अमरसिंग फोनवर आपांना म्हणाले की इतकं सुरळीत काम आजवर झालं नव्हतं. मी बाकावर पेपर वाचत होतो, आणि मला आठवतं, मला फार बरं वाटत होतं.

दुपारी वारा तापला. भोंगा वाजला असेल तर आम्हाला ऐकू आला नाही. आपा दोनदा दारापर्यंत जाऊन नदीच्या रस्त्याकडे बघून आल्या. मी म्हटलं, आता कशाला, मेसेज तर नीट गेलाय. त्या म्हणाल्या, व्हय, नीट गेलाय, आणि परत खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा उठल्या. मल्हारीला फोन लावला. तो लागला नाही, आणि त्यात नवीन काही नव्हतं.

अंधार पडल्यावर अमरसिंग आले. दुकानात येऊन उभेच राहिले. त्यांची विजार गुडघ्यांच्या वरपर्यंत भिजलेली होती आणि तिला वाळू चिकटली होती. आपांनी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग हळूच म्हणाले की बिऱ्हाड वाळूवरच होतं.

मल्हारी सकाळी जेवून कळप घेऊन पलीकडच्या काठावर चढला होता. सत्यभामाबाई कोकरांजवळ होती. दोन्ही घळी भरल्या तेव्हा ती निघाली असती तर कमरेएवढ्या पाण्यातून काठ गाठता आला असता. काठावरच्या एका शेतकऱ्यानं पाहिलं, हाका मारल्या. ती आली नाही. कोकरं वाघरात होती आणि दोरीच्या गाठी भिजून आवळल्या होत्या. ती त्या सोडवत बसली. काही कोकरं खाली डोहाजवळ जिवंत सापडली. सत्यभामाबाई बंधाऱ्याजवळ सापडली, तीही संध्याकाळ झाल्यावर.

आपा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या, मेसेज गेला होता ना, त्याच्या फोनवर पोचला होता ना. मी त्यांना त्यांच्याच पडद्यावर दाखवलं की सगळ्यांत आधी त्याच्याच फोनवर पोचला होता. याचा त्यांना आधार वाटायला हवा होता. त्या उलट जास्तच घाबरल्या. मेसेज पोचला आणि तरी माणूस उठला नाही, याचा अर्थ आम्हा दोघांनाही लागेना. बाजारात लोक लगेच बोलू लागले की ह्या धनगरांना सांगून तरी काय उपयोग. मी त्यातल्या एकाला स्टँडच्या आवाजात गप्प केलं, पण मनात माझ्याही तोच प्रश्न होता.

सत्यभामाबाईचे दिवस झाल्यावर मल्हारी दुकानात आला. त्यानं आकडी दाराला टेकवली. ती घसरून बाकावर पडली, आणि मी ती उचलून मांडीवर धरली. त्यानं कनवटीचा बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला, त्यातला एक मेसेज उघडला आणि आपांकडे सरकवला.

"आपा, ह्यो मेसेज कशाचा हाय?"

आपांनी वाचला. दुपारी नदीत पाणी सुटणार आहे, पात्रात कुणीही थांबू नका.

"म्हंजे पाण्याचाच व्हता," मल्हारी म्हणाला. "मंग ह्याच्यात आकड्या काहून न्हवत्या?"

आपांना कळलं नाही. मलाही नाही. त्यानं माझ्या मांडीवरच्या बांबूच्या टोकाला बोट लावलं आणि मग तेच बोट टेबलावर साचलेल्या कापसाच्या धुळीत फिरवलं. वाकडी मान, खाली ठिपका. त्याच्या शेजारी आणखी एक. आणखी एक. प्रश्नचिन्हांची ओळ.

"अशा. वळीनं. पयल्या साली एका मोटारवाल्यानं मला दाखवलं, ह्या आल्या की पाणी येतं. तवापासून आमी तेच बघून राहिलो. दिवसभर मेसेज येत्यात, कसले बी येत्यात, मला वाचाया येत न्हाई, तिलाबी न्हाई. आकड्या आल्या की आमी उठायचो. त्या दिशी मेसेज वाजला. म्या पायला. तिनं इचारलं, पाण्याचा हाय का. म्या म्हनलो, न्हाई, आकड्या न्हाईत, तू बस."

मागच्या खोलीत युसूफभाईंनी कापूस पिंजायचं मशीन बंद केलं.

"मल्हारीभाऊ," आपा शेवटी म्हणाल्या, "त्या आकड्या म्हंजे माझी चूक व्हती."

मल्हारीला ते पटलं नाही. त्यानं आपांकडे पाहिलं, रागानं नाही, समजूत घालावी तसं.

"चूक कशी, आपा. बराबर येत व्हत्या."

फोन कनवटीला लावून तो गेला. आकडी न्यायला विसरला. ती अजून माझ्या बाकामागे भिंतीला टेकलेली आहे, आणि तो परत मागायला आलेला नाही. त्याचं बिऱ्हाड आता उंच काठावर असतं. पण नदीत दुसऱ्या धनगरांचे कळप उतरतात, आणि मोटारवाल्यांनी त्यांनाही कधीतरी तीच खूण दाखवलेली असणार. कुणाकुणाला दाखवली ते आता कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून आता पाणी सुटायचं असलं की आपा दोन मेसेज सोडतात. पहिला स्वच्छ मराठीत. मग तोच मजकूर त्या पुन्हा उघडतात आणि जतन करताना हातानं जुनं कोष्टक निवडतात. संगणकाला पुन्हा विचारायला लावलं आहे त्यांनी. तो दर वेळी विचारतो, असं जतन केल्यास अक्षरं नष्ट होतील, करू का. त्या हो म्हणतात. माझ्या फोनवर आधी अक्षरं येतात, मागोमाग आकड्या येतात. त्या दिवशी मी काही वाचून दाखवत नाही. पाणी उतरल्याचा निरोप येईपर्यंत आपा त्या काळ्या घोंगडीवर बसून राहतात आणि दुसऱ्या कुणाचं काम घेत नाहीत.